फोन दोन्हीकडून एंगेज

सांगलीत इंटरनेट आलं आणि सगळ्यात आधी फोन लागायचे बंद झाले. तार एकच. ती कॉम्प्युटरला जोडली की बाहेरून फिरवणाऱ्याला नुसतं टूं टूं ऐकत बसावं लागायचं. एकोणीसशे नव्व्याण्णव सालची गोष्ट आहे. गणपती पेठेच्या मागच्या बोळात राजस आणि धवल या दोन मित्रांचं भागीदारीतलं दुकान होतं. कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून द्यायच्या, हा धंदा. आता ऐन लग्नसराईत मुलीच्या बापाला दुकानाचा फोन लागला नाही, तर तो काय काय बोलतो हे ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक.

दुकानाची एक छोटी शाखा साताऱ्याला पोवई नाक्यावर होती. आठवड्याचे पहिले दिवस धवल तिकडे असायचा. राजस सांगलीतून फोन फिरवायचा, आणि साताऱ्याचा फोन एंगेज. चहा पिऊन पुन्हा फिरवायचा, तरी एंगेज.

"एवढं बोलतो तरी कुणाशी हा?" राजस रिसीव्हर आपटायचा, आणि समोर पत्रिकेचं प्रूफ तपासायला बसलेलं गिऱ्हाईक उगाच दचकायचं.

वाचकहो, आडपडदा ठेवून सांगण्यात मला रस नाही. राजसचा धवलवर जीव होता. भागीदार म्हणून नव्हे, जिवलग मित्र म्हणूनही नव्हे. तुमचं-आमचं एखाद्या माणसावर प्रेम बसतं ना, अगदी तसाच. ही गोष्ट त्यानं धवलला सांगितली नव्हती आणि कुणालाच सांगितली नव्हती. न सांगितलेल्या प्रेमाचं एक वाईट असतं, ते आतल्या आत आंबतं आणि त्याचा मत्सर होतो. धवलनं नवा शर्ट घातला की राजस जळायचा. धवल कॉम्प्युटरसमोर एकटाच हसला की राजस जळायचा. मयूरी नावाची एक मुलगी कॉलेजचं टायपिंग करून घ्यायला यायची, धवल तिला "बसा ना" म्हणाला त्या दिवशी राजस जेवला नाही.

जळून झालं की राजस काय करायचा? तोही कॉम्प्युटर फोनला जोडायचा. इंटरनेटवर गप्पांची खोली असायची. खोली म्हणजे नावापुरती. माणसं आपापल्या गावात बसून टाईप करायची. नाव खोटं, गाव खोटं, फक्त बोलणं खरं. तिथं राजसला त्याच्यासारखाच एक जण भेटला होता. तो म्हणे कराडचा पैलवान. मिशा आहेत, रोज जोर-बैठका काढतो. राजसनंही ठोकून दिलं होतं की आपण पाचगणीच्या शाळेत इंग्रजी शिकवतो, उंच आहोत, गोरे आहोत, चष्मा लावतो. प्रत्यक्षात राजस बुटका होता, सावळा होता आणि त्याचं इंग्रजी शब्दकोशाच्या आधारानं चालायचं.

पैलवानाशी बोलताना राजसचं मन मोकळं व्हायचं. एकदा त्यानं लिहिलं, "आमच्या शाळेत एक सहकारी आहे. मला फार आवडतो. पण त्याचं माझ्याकडे लक्षच नाही. सारखा नटतो, सारखा कुणाशी तरी फोनवर असतो."

पैलवानाचं उत्तर आलं, "असला माणूस बिनकामाचा. सर, विसरा त्याला. तुमची किंमत त्याला कळत नाही." राजसला ते वाचून फार बरं वाटलं. धवलला शिव्या बसल्या की त्याला हल्ली बरंच वाटायचं.

गुरुवारी धवल सांगलीला परतला की दोघांचं हमखास वाजायचं.

"तुझा फोन कधी लागेल तर शपथ," राजस म्हणायचा.

"आणि तुझा लागतो का? मी पण फिरवतोच की. सांगलीचा पण सारखा एंगेज," धवल म्हणायचा.

दोन्ही फोन एकाच वेळी एंगेज असतात, यावरून शेंबड्या पोरालाही काही तरी उमगलं असतं. पण मत्सरानं पेटलेल्या माणसाची अक्कल शेंबड्या पोराइतकीही उरत नाही. दोघांनाही उमगलं नाही.

एके दिवशी पैलवानानं भेटायचं काढलं. रविवारी, साताऱ्याच्या स्टँडवर. ओळखायचं कसं? राजसनं खूण सुचवली, "हातात कंदी पेढ्यांचा पुडा ठेवू." पैलवान लगेच कबूल झाला. प्रेमात माणूस किती आंधळा होतो बघा. अहो, साताऱ्याच्या स्टँडवर पेढ्यांचा पुडा ही काय खूण झाली? पंढरीत कपाळाला बुक्का लावून उभा राहतो म्हणण्यातला प्रकार. पण हे त्या वेळी ना ह्याच्या डोक्यात आलं, ना त्याच्या.

शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करताना धवल म्हणाला, "उद्या मी जरा साताऱ्याला जातोय."

"रविवारी?"

"काम आहे एक." एवढं बोलून तो लाजला. राजसनं ते बघितलं आणि शटर धाडकन खाली ओढलं. जा म्हणावं, भेट कुणाला भेटायचं ते. मलाही कुणी तरी भेटणार आहे.

रविवारी राजस वेगळ्या गाडीनं साताऱ्याला उतरला. पेढे घेतले, स्टँडवर आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. कोरेगावच्या गाडीची वाट बघणारी म्हातारी, तिच्या हातात पुडा. पुण्याला निघालेलं कुटुंब, त्यांच्या पिशवीत तीन पुडे. कंडक्टरच्या बगलेत पुडा. राजस मिशा हुडकत फिरू लागला. मिशावालेही काही कमी नव्हते.

आणि तेवढ्यात फलाटाच्या टोकाला त्याला पैलवान दिसला. उंच, रुंद छातीचा, पिळदार मिशांचा, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पेढे. राजसनं शर्ट सारखा केला. पाऊल उचलणार, इतक्यात दुसऱ्या बाजूनं कुणी तरी लगबगीनं पैलवानाजवळ गेलं. नवा शर्ट, हातात पुडा. तो धवल होता.

धवलनं काही तरी विचारलं. पैलवान हसला. त्यानं धवलच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं कँटीनकडे चालू लागले.

राजस खांबाआड उभा होता. त्याला कळेना की जळायचं नेमकं कुणावर. धवलवर? की पैलवानावर? ज्याच्यावर जीव होता तोही गेला, आणि ज्याच्याजवळ ते दुःख सांगितलं तोही गेला, आणि गेले ते दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. म्हणजे धवलही आपल्यासारखाच, आणि तरी आपण सोडून त्याला सगळे चालतात! त्यानं हातातला पुडा बाकावरच्या म्हातारीला देऊन टाकला आणि पहिली मिळेल ती गाडी पकडली. गप्पांच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं त्यानं वाटेतच ठरवलं.

घरी त्याची आत्या शकुंतलाबाई भाजी निवडत बसली होती. राजस लहानपणापासून तिच्याकडेच वाढला होता. तिचे यजमान हरीकाका आता नव्हते. वडील वाईला असायचे आणि तिथूनच लग्नाचा लकडा लावायचे. पंधरा दिवसांपूर्वी उंब्रजची एक मुलगी बघून झाली होती, अश्लेषा नावाची. राजसनं उत्तर अडकवून ठेवलं होतं.

चप्पल न काढताच तो म्हणाला, "आत्या, अण्णांना कळव. उंब्रजच्या मुलीला माझा होकार आहे."

वाईला आनंद झाला. उंब्रजला आनंद झाला. साखरपुड्याची तारीख ठरली आणि साखरपुड्याची पत्रिका करायचं काम अर्थातच आपल्याच दुकानात आलं.

"मजकूर हा घे," राजसनं कागद धवलच्या पुढ्यात टाकला.

धवलनं तो वाचला. पुन्हा वाचला. "सांगितलं नाहीस."

"तू मला सगळं सांगतोस काय?"

धवल मुकाट्यानं कामाला बसला. दुकानाची पद्धत अशी की एकानं मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं पडद्यावर तपासायचा. धवलनं "चि. राजस" एवढं वाचलं, पाणी प्यायला, पुन्हा "चि. राजस" वाचलं. पुढं जाईना. आणि पत्रिकेला त्यानं दुकानातली सगळ्यात भिकार किनार लावली, जी पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकालाच दाखवायची असं दोघं थट्टेनं म्हणायचे. राजसला किनार दिसली, त्यामागचं दुःख दिसलं नाही.

शकुंतलाबाईंना मात्र दिसत होतं. ज्या माणसाचं लग्न ठरलंय तो दात-ओठ खात जेवतो, हे कुठं बघितलंय? साखरपुड्याला आठ दिवस उरले असताना एका सकाळी त्यांनी त्याला न्याहारीला समोर बसवलं.

"राजस, तुला ती मुलगी आवडली का?"

"चांगली आहे."

"ती चांगलीच आहे. मी तुझं विचारतेय. तिच्या डोळ्यांचा रंग सांग बघू."

राजसनं भाकरीचा तुकडा मोडला. त्यानं मुलीकडे बघितलंच नव्हतं.

"आता धवलच्या शर्टाचा सांग. परवा घातलेल्या." आत्या शांतपणे म्हणाली. "मला काय आंधळी समजतोस? त्याचं नाव निघालं की तुझा चेहरा कसा होतो ते मी किती वर्षं बघतेय."

राजसचा घास हातातच राहिला. मान वर करायची त्याला हिंमत होईना.

"घाबरू नकोस. तुला बोल लावायला नाही बसवलं. तुझ्या हरीकाकांची गोष्ट सांगायला बसवलंय. ती मी कुणालाच सांगितली नाही." आत्यानं पदर सावरला. "हे दर शनिवारी कुंडलला जायचे. शेतावर काम आहे म्हणायचे. मी ओळखलं, तिकडे कुणी बाई आहे. मी त्या बाईवर जळायची. तिचं नाव नाही माहीत, तोंड नाही माहीत, पण रोज जळायची. आरशात बघायची आणि म्हणायची, तिच्यात असं काय आहे? मी हात धरला तर हे दचकायचे, आणि मग माझीच माफी मागायचे. शेवटी एका शनिवारी मी मागच्या गाडीनं कुंडलला गेले."

"मग?"

"बाई नव्हतीच. ओट्यावर दोन पुरुष भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. हे आणि ह्यांचा मित्र कृष्णात. आणि हे हसत होते रे. आमच्या घरात कधी हसले नाहीत असं हसत होते. मी तशीच परत फिरले. बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या, भांडले असते. मी भांडायचं कुणाशी? वाईट कुणीच नव्हतं. हे वाईट नव्हते, तो कृष्णात वाईट नव्हता, मी नव्हते. घरच्यांनी ह्यांना म्हटलं होतं, लग्न कर, सगळं ठीक होईल. यांचं ठीक झालं नाही, आणि माझं जे ठीक होतं तेही गेलं."

राजसच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण आत्या, मग मी करू काय? धवलचं दुसरीकडे जमलंय. मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्यासाठी आता कोण आहे?"

"कोणी नसेल. एकटा राहशील. ते दुःख तुझं आहे, तू भोग. पण तुझा राग धवलवर आणि शिक्षा अश्लेषाला, हा कुठला न्याय? लग्न म्हणजे काय औषध आहे, तुझ्या दुखण्यावर तिला उगाळून लावायला? तू तिला अंगठी घालशील, आणि ती जन्मभर आरशात बघत बसेल. माझ्यासारखी."

राजस उठला. हात धुतले. "मी दुकानात जाऊन पत्रिका थांबवतो. मग आपण उंब्रजला जाऊ. आजच." हे बोलताना त्याच्या मनात धवल परत मिळेल अशी आशा नव्हती. ती नसताना बोलला, म्हणून त्या बोलण्याला किंमत.

दुकानात शिरला तर समोर खुर्चीत तोच पैलवान. तेच खांदे, त्याच मिशा. धवल त्याला नमुने दाखवत होता. राजसच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला, पण त्यानं ओठ घट्ट मिटले.

"ये, बस," धवल ओशाळून राजसला म्हणाला. "हे विश्वजित. दहिवडीकडचे. मिलिटरीत आहेत, सुट्टीवर आलेत. यांच्या लग्नाची पत्रिका करायचीय."

"लग्नाची?" राजसचा आवाज चिरकला.

"व्हय की," विश्वजित खुशीत म्हणाला. "वैशाखात हाय. ह्यांची माझी गाठ साताऱ्याच्या स्टँडावर पडली बगा. लय गंमत झाली. ह्ये पळत आलं आनि मला म्हनत्यात, पाचगणीचं इंग्रजीचं सर तुमीच का? आता मी आन इंग्रजी! म्या म्हनलं, गड्या, मी सर न्हाई, शिपाई हाय. तर ह्येंचं तोंड असं पडलं, असं पडलं, की मलाच कसंनुसं झालं. मग नेलं कँटिनात, च्या पाजला." मग तो धवलकडे वळला. "गावलं का न्हाई मग तुमचं पाचगणीचं सर?"

राजस भिंतीला टेकला. धवल कावराबावरा होऊन नमुन्यांची चळत सारखी करू लागला.

"धवल," राजस हळूच म्हणाला, "कराडच्या तालमीत तू रोज किती जोर काढतोस?"

धवलच्या हातातले नमुने खाली सांडले. त्याची छाती ती केवढीशी, दंड ते केवढेसे. जोर काढले असते तर मोडलाच असता. तो राजसकडे बघत राहिला. "तू? तू पाचगणीचा सर? उंच, गोरा?"

"आणि तू मिशावाला?"

"म्हणजे तो शाळेतला सहकारी... सारखा नटणारा... तो मी?"

"तूच. आणि बिनकामाचा आहे, विसरून जा, असं तूच मला सांगितलंस."

"मी जळत होतो त्या सहकाऱ्यावर," धवल म्हणाला. "सर रोज त्याचंच सांगायचे. आणि इथं तुझ्यावर जीव, तर तुझा फोन सदा एंगेज. मला वाटायचं तुझं कुणी तरी आहे."

"माझा फोन तूच अडवून बसला होतास."

विश्वजितला यातलं निम्मं कळलं, निम्मं नाही. पण दोन माणसं एकाच वेळी रडताहेत आणि हसताहेत, हे त्याला दिसत होतं. त्यानं खाली वाकून नमुने गोळा केले, टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मी जरा च्या घिऊन येतो. तुमचं चालू द्या निवांत." जाताना दार त्यानं आपणहून ओढून घेतलं. असं शहाणपण सगळ्यांना असतं तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

दुपारच्या गाडीनं राजस आणि आत्या उंब्रजला पोचले. आत्या म्हणाली होती की कारण मी माझ्या अंगावर घेते. राजस नको म्हणाला. त्यानं अश्लेषाच्या वडिलांना विनंती केली आणि आत्याच्या समोरच, परसात, अश्लेषाला सगळं खरं सांगितलं.

अश्लेषानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे महिन्यापूर्वी सांगायला काय झालं होतं?"

"भित्रा आहे मी."

"तुम्ही बघायला आलात तेव्हा एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत. तुम्ही गेल्यावर मी आरशासमोर उभी राहिले. मला वाटलं माझंच काही तरी चुकलंय. नाक बघितलं, रंग बघितला. महिनाभर रोज बघत होते."

आत्यानं राजसकडे बघितलं. राजसनं मान खाली घातली. त्याला आजवर वाटत होतं की जळणं हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय.

"रागावले आहे मी तुमच्यावर," अश्लेषा म्हणाली. "तो जाईल की नाही माहीत नाही. पण लग्नानंतर कळलं असतं तर काय केलं असतं मी?" मग ती आत गेली आणि वडिलांना म्हणाली, "आप्पा, हे लग्न मला करायचं नाही. मी नाही म्हणते. माझ्याकडून नकार आहे." नकार तिनं आपल्या नावावर घेतला, म्हणजे उद्या गावात मुलगी नाकारली असं कुणी म्हणणार नाही. ती राजसपेक्षा धीट निघाली.

सगळं गोडच झालं असं मी सांगणार नाही. वाईचे अण्णा राजसशी बोलायचे बंद झाले. बोळातल्या लोकांनी तोंडसुख घेतलं, काही पत्रिका दुसऱ्या दुकानात गेल्या. पण विश्वजितची पत्रिका इथंच झाली, सगळ्यात देखण्या किनारीची, आणि त्याच्या लग्नात हे दोघं पहिल्या पंगतीला होते. आता साताऱ्याचा फोन एंगेज लागला की राजस सरळ एस.टी.त बसतो.

आणि शकुंतलाबाई? त्यांनी एका शनिवारी कंदी पेढ्यांचा पुडा घेतला आणि कुंडलची गाडी धरली. कृष्णात आता म्हातारे झाले होते, ओट्यावर एकटेच बसले होते. हरीभाऊ गेले तेव्हा ते सांगलीला आले होते, पण गर्दीत मागंच उभे राहिले होते, आणि बाईंनी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं. त्या ओट्यावर बसल्या, पुडा सोडला आणि म्हणाल्या, "भाऊजी, इतकी वर्षं मी तुमच्यावर जळले. आता ह्यांची आठवण काढायला तुमच्याशिवाय मला कोण आहे?" कृष्णातांनी आतून भुईमुगाच्या शेंगा आणल्या आणि दोघं त्या फोडत बसले.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात, शेजारात असा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल तर "लग्न करून टाका, सगळं ठीक होईल" हे वाक्य तेवढं तोंडातून काढू नका. त्यानं ठीक काही होत नाही. एकाचं दुखणं लपवायला दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीचा जन्म लागतो, आणि ती बिचारी आरशात आपली चूक हुडकत बसते. त्यापेक्षा त्या मुलाला जवळ बसवा आणि त्याचं ऐकून घ्या. शकुंतलाबाईंनी एवढंच केलं.